फोटो काढलाय, पण वर आहे

विहीणबाईंना उभ्याने नमस्कार. (बसून केला असता, पण एकदा बसले की उठायला कुणाचा तरी हात लागतो, आणि घरात आत्ता कुणी नाही.) इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? गुडघ्यामुळे अंथरुणातून उठवत नाही, पायऱ्या तर लांबच, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत. वाचून वाईट वाटलं. त्या गुडघ्याबद्दल मी खाली आणखी एक गोष्ट लिहिणार आहे, तेव्हा पत्र अर्धवट टाकू नका. माझे दात आता चार उरलेत, त्यातले कुठलेही दोन समोरासमोर नाहीत, त्यामुळे ते फक्त बोलण्याच्या कामी येतात. तुमचा मुलगा आणि माझी मुलगी अजून बोटीवरच आहेत, तो भटारखान्यात आणि ती कपड्यांच्या खात्यात, दोघांचे फोन महिन्यातून एकदा. आपली नात बरी आहे, मात्र वाळली आहे, आणि त्याचं कारण तुम्ही आहात. हे मी रागाने लिहीत नाही. रागाचं पुढे आहे.

पाऊस लागल्यापासून ती पोर तुम्हाला फोनवर सांगतेय की तुमच्या घरामागचा डोंगर फाटतोय असं दिसतंय, घर सोडून आमच्याकडे या. तुमचं उत्तर दर वेळी तेच. डोंगर तुमच्या सासऱ्यांच्या आधीपासून तिथे आहे, तो कुठे जात नाही आणि तुम्हीही जात नाही. शेवटी तुम्ही मला पत्रातून दम भरलात की पोरीच्या नादाने तुम्हीही मला घाबरवू नका, एवढा फाटलाय तर फोटो दाखवा आणि मग बोला. ठीक आहे. फोटो मागितलात ना? त्या एका फोटोपायी गेले तीन आठवडे माझं काय झालं ते आता वाचा.

मला वाटलं होतं, हातासरशी होणारं काम आहे. नात नोकरी करते तीच मुळी फोटोंच्या केंद्रात. (तुम्ही आजूबाजूला 'आमची नात अंतराळात कामाला आहे' असं सांगत फिरता, ते बंद करा. ती एका थंडगार खोलीत खुर्चीवर बसते आणि त्या खुर्चीचं एक चाक मोडलेलं आहे.) आकाशात त्यांचे दोनशे बारा उपग्रह फिरतात आणि खाली दिसेल त्याचे फोटो काढत सुटतात. मी तिला जेवताना म्हटलं, तुझ्या त्या आजीच्या डोंगराचा एक स्वच्छ फोटो आण, मी पाकिटात घालून पाठवते. तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "आजी, फोटो काढलाय. मंगळवारी सकाळी अर्धा तास ढग हटले होते, तेवढ्यात काढलाय. पण वर आहे."

"वर म्हणजे माळ्यावर?"

"उपग्रहात."

"मग उतरव की खाली!"

त्यावर ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मला कळलं की प्रकरण सरळ नाही.

प्रकरण असं आहे. (मी चौथीपर्यंत शिकले, मला समजलं, तेव्हा तुम्हालाही समजेल. तुम्ही तर पाचवीत दोनदा बसला होतात.) एक उपग्रह दीड तासात पृथ्वीला पूर्ण फेरी मारतो. त्यातली जेमतेम आठ-दहा मिनिटं तो आमच्या केंद्राच्या डोक्यावर असतो. तेवढ्या वेळात केंद्राची मोठी तबकडी त्याच्याकडे तोंड करून त्याच्या पोटातले फोटो खाली ओढून घेते. मोठ्या तबकड्या तीन. एक कायम दुरुस्तीला, म्हणजे दोन. उपग्रह दोनशे बारा. त्यांच्या पोटात इतके फोटो भरलेले की दहा मिनिटांत निम्मेही उतरत नाहीत. उरलेले घेऊन तो पुढे जातो, जाता जाता आणखी काढतो, आणि पोट भरलं की सगळ्यात जुने फोटो आपोआप पुसून टाकतो. तुमच्या डोंगराचा स्वच्छ फोटो याआधी दोनदा निघाला होता, विहीणबाई. दोन्ही वेळा खाली यायच्या आधीच वरच्या वर पुसला गेला. खाली आला तो एकच, तोही पुसट. त्यात तुमच्या घरामागे एक रेघ दिसते. ती पायवाट आहे की भेग, हे सांगता येत नाही, आणि ते कळल्याशिवाय पोरीला झोप लागत नाही.

मी म्हटलं, मग तुझ्या हातात वेळापत्रक आहे ना, कुठली तबकडी कुणाकडे वळवायची हे तूच ठरवतेस ना, घाल आपला फोटो पुढे! तर म्हणे, घरचं काम रांगेत घुसवणार नाही, रांगेत इतरांचेही डोंगर असतील. हा प्रामाणिकपणा तिच्यात तुमच्याकडून आला. आमच्याकडे असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा घरी विसरली. (मीच लपवला होता.) तो घेऊन मी केंद्रावर गेले. फाटकावरच्या रखवालदाराने पास मागितला. मी डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला आणि म्हटलं, हा पास. आत खोलीत इतकी थंडी की माणसं ठेवलीत की मासळी, असं वाटावं. भिंतभर पडदा, त्यावर रंगीत पट्ट्या, प्रत्येक पट्टी म्हणजे एक उपग्रह. समोर केंद्राचे साहेब उभे. माणूस बरा आहे, फक्त कुठलीही गोष्ट सांगताना आधी डोळे मिटतो. मी विचारलं, आमच्या विहीणबाईंच्या डोंगराच्या पुढे रांगेत कोण आहे? नातीने माझा हात दाबला. साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, जो फोटो आधी निघाला तो आधी उतरतो, असा नियम आहे. म्हटलं, नियम राहू दे, पुढे काय आहे ते दाखवा. त्यांनी दाखवलं. विहीणबाई, ढग! चार हजार फोटो, आणि त्यातले तीन हजारांवर नुसते ढग. वरून पांढरे, खालूनही पांढरेच असणार. बाकी समुद्र. पाणी, पाणी आणि एका फोटोत कोपऱ्यात एक बोट. (मी नीट निरखून पाहिलं, आपल्या माणसांची नव्हती.) आणि या कचऱ्यामागे तुमचा डोंगर उभा, पुसला जायची वाट बघत!

मग माझं डोकं फिरलं, आणि मला धुलाईखाना आठवला. तुम्हाला माहीतच आहे, मी अठ्ठावीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात चादरी धुतल्या. (लग्नाच्या बोलण्यांत तुमच्याकडच्या कुणीतरी हे नाक मुरडून काढलं होतं. कोणी ते मी आजवर काढलेलं नाही, आजही काढत नाही.) इस्पितळ पाच मजली, आणि सगळ्या मजल्यांवरून मळके कपडे तळघरात टाकायला भिंतीत एकच पत्र्याचा नळा. सकाळी आठ वाजले की पाचही मजल्यांवरच्या आया एकदम बोचकी लोटायच्या, मधेच तुंबायचं, आणि मी खाली काठी घेऊन पत्रा बडवत बसायची. बोचक्यांत काय, तर कुणी अंगाखाली न घेतलेल्या कोऱ्या चादरीसुद्धा. घडी मोडली म्हणून टाक खाली! एकदा ऑपरेशनच्या खोलीतलं बोचकं तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यांमागे अडकलं, आणि ऑपरेशनच्या टेबलावर घालायला चादर नाही म्हणून डॉक्टर हात धुऊन वर करून उभे राहिले. पेशंट टेबलावर. त्या दिवशी मी वर गेले. प्रत्येक मजल्यावर जाऊन आयांना सुनावलं की निवडायचं ते वर निवडा. मळलं नसेल ते टाकूच नका. प्रत्येक मजल्याची घंटा वेगळी, आपली घंटा वाजल्याशिवाय नळ्याचं झाकण उघडायचं नाही. कुणाची घंटा चुकली तर बोचकं जिन्याने खालच्या मजल्यावरच्या आयेकडे द्यायचं, ती आपल्या घंटेला टाकेल. आणि खरी घाई असेल त्या बोचक्याला पिवळी फीत.

हे मी साहेबांना सगळं सांगितलं. नात टेबलाखाली जाईल की काय असं मला वाटत होतं. साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आजी, घाईची खूण आमच्याकडेही आहे. पण ज्याला फोटो हवा असतो तो प्रत्येक फोटोवर खूण लावतो. या चार हजारांवर आहे."

म्हटलं, अहो, आमच्याकडेही तेच झालं! पिवळी फीत निघाली आणि आठवडाभरात सगळी बोचकी पिवळी. मुख्य डॉक्टरांच्या खोलीतल्या गालिच्याला फीत! तेव्हा मी सगळ्या फिती जमा केल्या आणि मजल्याला एक, अशी एकच फीत ठेवली. बोचकं खाली पोचलं की मी फीत सोडून खिळ्याला अडकवायची. ती परत हवी असेल तर आयेने स्वतः पाच मजले उतरून यायचं. पाय दुखले की खरी घाई कुठली आणि खोटी कुठली हे माणसाला आपोआप कळतं. तुमच्या गिऱ्हाइकांनाही द्या एकेक. फोटो उतरेपर्यंत दुसरी नाही.

मग मी विचारलं, ढग वरच्या वर का नाही फेकत? नात हळूच म्हणाली की उपग्रहाला तेवढी अक्कल दिलेली आहे, ढग ओळखून टाकून देता येतात, पण ते बंद ठेवलंय. का? साहेब म्हणाले, न जाणो ढगात काही असलं तर. मी म्हटलं, साहेब, ढगात पाऊस असतो. तो आपोआप खाली येतो, त्याला तबकडी लागत नाही.

डबा देऊन मी घरी आले. नात संध्याकाळी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. साहेबांनी हे सगळं आठवडाभर करून बघायचं ठरवलं होतं. गिऱ्हाइकाला एक फीत (कॉम्प्युटरातली, खरी नाही, मला वाटलं होतं खरी पाठवतात), ढग वरच्या वर बाद, आणि करून बघण्यासाठी म्हणून एक फीत नातीच्या हातात. तिने ती रांगेत घुसवली नाही, साहेबांना विचारून, कारण लिहून, मगच तुमच्या डोंगराला बांधली. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तो उपग्रह डोक्यावरून जाणार, ढग बाद करायची त्याची पाळी अजून आलेली नव्हती, आणि त्या फेरीला फोटो उतरला नाही तर पुढच्या फेरीच्या आत तो पुसला जाणार. मला म्हणाली, "आजी, चल बघायला. फक्त कशाला हात लावू नकोस."

शुक्रवारी मी गेले. तबकडी बाहेर पटांगणात असते. पाण्याच्या टाकीसारख्या दहा टाक्या मावतील एवढी, आणि तिच्या खाली दाते असलेलं भलंमोठं चाक. त्या दात्यांना वंगण घालणारा एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे तेल्याकाका म्हणतात. त्याने वंगण घालायला चाकावरचं झाकण काढून ठेवलं होतं. अकराला पाच मिनिटं कमी असताना तबकडी आपल्या आपण वळायला लागली. सूर्यफूल वळावं तशी, फक्त जास्त कुरकुर करत. नात आत पडद्यासमोर. फोटो उतरायला सुरुवात झाली. आणि तेवढ्यात, विहीणबाई, कुठल्याशा एका बाईने उकडतंय म्हणून कठड्यावर टाकलेली शाल वाऱ्याने उडाली आणि तिचं टोक दात्यांत गेलं. (बाई कोण, कुठली, तिथे काय करत होती, यात शिरू नका. म्हातारी होती.) शाल ओढली जातेय, बाई ओरडतेय, तेल्याकाकांनी धावत येऊन लाल बटण दाबलं. तबकडी थांबली. उपग्रह काही थांबला नाही. तो सावकाश पुढे गेला, पोटात तुमचा डोंगर घेऊन. दुसरी तबकडी दुसऱ्या उपग्रहाला लागलेली, तिसरी नेहमीप्रमाणे आजारी.

नात बाहेर आली. तिने शालीकडे पाहिलं. मी तिचा चेहरा तसा आयुष्यात दोनदाच पाहिलाय, आणि दुसरी वेळ कधी ते मी पत्रात लिहिणार नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "गेला." खोलीत माघारी गेली आणि मोडक्या चाकाच्या खुर्चीवर बसली. मी तिच्यामागे उभी. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच : "अगं, घंटा चुकली तर खालच्या मजल्यावरच्या आयेकडे द्यायचं."

ती एकदम वळली. उपग्रह एकमेकांना फोटो देऊ शकतात म्हणे, उजेडाच्या झोताने, वरच्या वर. आजवर कुणी फारसं वापरलं नव्हतं, कारण द्यायचा कुणाला? प्रत्येकाचं पोट ढगांनी तट्ट. पण या आठवड्यात ढग बाद झाले होते! मागून येणाऱ्या उपग्रहाच्या पोटात जागा होती. माल उतरवायला मोठी तबकडी लागते, पण नुसता हुकूम द्यायला छोटी पुरते, पहिला उपग्रह अजून दोन मिनिटं तिच्या नजरेत होता, आणि छोटीच्या आसपास कुणाची शाल नव्हती. पोरीने बोटं अशी चालवली की मला दिसलीच नाहीत. साहेब मागे येऊन उभे राहिले, डोळे उघडे ठेवून. एका उपग्रहाने तुमचा डोंगर दुसऱ्याच्या ओटीत टाकला. पंचवीस मिनिटांनी दुसरा डोक्यावर आला, दुसरी तबकडी त्याच्याकडे वळली, आणि पिवळी फीत होती म्हणून सगळ्यात आधी तुमचं घर उतरलं. वरून खाली, एकेक पट्टी. आधी झाडं, मग डोंगर, मग तुमचं छप्पर.

फोटो सोबत जोडला आहे. ती रेघ पायवाट नाही. तुमच्या घरामागे डोंगराच्या माथ्यावर भांग पाडल्यासारखी भेग आहे, मोठ्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. मी तिच्या कडेने लाल पेन्सिल फिरवली आहे, कारण तुम्हाला चष्मा लावायचा कंटाळा. घर भेगेपासून किती लांब आहे तेही नातीने मोजलं. साठ पावलं. डोंगराची पावलं तुमच्यापेक्षा मोठी असतात. दरडींच्या खात्याला फोटो गेला आहे, त्यांची माणसं येऊन तुम्हाला सांगतील. त्यांना पिटाळून लावू नका. ते बिचारे चढ चढून येणार.

आणि आता गुडघा. फोटोत तुमच्या छपरावर अंथरुणं वाळत घातलेली दिसतात आणि त्यांच्याजवळ एक काळा ठिपका आहे. नात म्हणते ती छपरावरची बादली. मी म्हणते बादली छपराच्या कडेला ओणवी होऊन शेजारणीच्या अंगणात डोकावत नाही. ज्या गुडघ्याने छपरावर चढता येतं, त्या गुडघ्याने बसमध्येही चढता येतं.

सगळ्यांना आशीर्वाद, म्हणजे शेजारणीला, कारण तुमच्याकडे दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुमची विहीण

ता. क. शाल तुम्हीच दिलेली होती. पंधरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की विहीणबाईंनी दिलेली शाल म्हणजे निव्वळ जाळी, फुंकर मारली तर फाटेल. ती एवढ्या मोठ्या तबकडीच्या दात्यांत गेली आणि फक्त एक कोपरा गेला. तबकडीचा एक दाता वाकला. शब्द मागे घेते. (बाई मीच होते, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर पुन्हा वाचा.)

ता. क. दुसरा. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आहे, तुम्हाला वाकावं लागेल, पण छपरापेक्षा सोपं आहे. खिडकीजवळची खाट माझी. यावर चर्चा नाही. मी घोरते, तुम्हीही घोरता, जी आधी झोपेल ती जिंकली.

ता. क. तिसरा. हा ता. क. नातीला माहीत नाही. फोटो उतरला तेव्हा नियमाप्रमाणे तिची फीत सुटली. तिने ती पुन्हा तुमच्याच डोंगराला बांधली. त्यानंतर आणखी दोनदा. रोज सकाळी चहाच्या आधी उघडून बघते, घर आहे की नाही. रांगेत दुसऱ्यांचेही डोंगर आहेत म्हणणारी हीच ती पोर, आणि तिला एकच फीत मिळते. तुम्ही खाली आलात की ती सुटेल आणि कुणा दुसऱ्याच्या घराला मिळेल. आयांना मी जे सांगायचे तेच तुम्हाला सांगते, उतरून यावं तुम्हालाच लागेल, तिथे नळा नाही.

ता. क. शेवटचा. येताना शिवणयंत्र आणा. बाकी काही नाही आणलंत तरी चालेल. शालीचा कोपरा लावायचा आहे, आणि मला सरळ शिवता येत नाही हे तुम्ही लग्नाच्या आधीपासून सांगत आला आहात.